तुळसाबाईचं गाळणं

तुळसाबाईच्या घरात न गाळलेलं पाणी कुणाच्या ओठाला लागत नसे. पाण्यातला बारीक जीवही मरू नये म्हणून चाळीस वर्षं पाळलेला नेम. पहाटे आंघोळ झाली की धुतल्या धोतराचा चौपदरी तुकडा हंड्याच्या तोंडावर बांधायचा आणि देवाचं नाव घेत सावकाश पाणी ओतायचं. म्हशीलाही ती गाळूनच पाजायची. शालिग्राम, तिचा नवरा, म्हणायचा, "हे एखाद्या दिवशी आभायालेच फडकं बांधन!" ती नुसती हसायची.

तिच्या रिठद गावापुढच्या माळावर एका कंपनीनं जमिनीतला गॅस शोधायला खोल विहीर पाडली होती. गॅससोबत खालचं खारट, तेलकट पाणीही वर यायचं. ते साफ करून मगच नाल्यात सोडायचं, लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या वर तेल नको, अशी सरकारी अट. ती पाळली जाते की नाही हे तपासायला वाशीमच्या एका प्रयोगशाळेतून प्रसेनजित दर महिन्याला यायचा आणि नाल्याच्या तोंडाशी तपकिरी काचेच्या बाटल्या भरायचा.

त्याची माय भागिरथा आणि तुळसाबाई दोघी कामरगावच्या लेकी. लहानपणी एकाच वावरात निंदण केलेल्या. म्हणजे माहेरचाच माणूस! बाटल्या भरल्या की तो थेट मावशीच्या ओसरीवर यायचा. जेवायचा, आणि मग ग्रामपंचायतीत कंपनीच्या साहेबासमोर बाटल्यांना लाखेचं सील लावायचा.

त्या दिवशी मात्र तो ताटातली भाकर नुसतीच चिवडत बसला.

"काहून रे बाबू? भाजी खारट झाली?"

"नाही वो मावशी. मागच्या दोन महिन्यांचे रिपोर्ट आले. पाणी एकदम स्वच्छ! डोयानं तवंग दिसून राह्यला, अन् कागदावर काहीच नाही. पारावरचे लोक इचारतात, काय साहेब, कंपनीची बिर्याणी कशी लागते?"

शालिग्रामला हसू फुटलं, पण प्रसेनजितचा चेहरा पाहून त्यानं ते मिशीत दाबलं.

"आता तिसराबी तसाच आला, तं कंपनीले दुप्पट पाणी सोडाची परवानगी भेटते. मी बदली मागून राह्यलो, मावशी. लोक मले विकलेला समजतात. मंग या गावात कायले येऊ?"

तुळसाबाईचा हात तव्यावरच थांबला. भाकर करपू लागली. तिची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. मघाशीच तिथं तिनं गाळणं वाळत घातलं होतं. दोनदा साबण लावूनही ते काळपट, चिकटच राहिलं होतं.

पहिल्या महिन्यात तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला, तेव्हा तिनं सहज एका बाटलीचं बूच उघडलं होतं. आत गढूळ पाणी, वर कसलीशी साय. साहेब लोक पाणी तपासतात म्हणजे घोटभर चाखून बघत असतील, असा तिचा समज. आपल्या ओसरीवरून, भागिरथेच्या लेकाच्या हातून असलं पाणी साहेबापुढं जायचं? तिनं ते गाळलं, बाटल्या राखेनं घासल्या आणि होत्या तशा भरून ठेवल्या. दुसऱ्या महिन्यातही तेच. आज तिसऱ्यांदा. आपण पाणी गाळलं, हे का कुणाला सांगत बसायचं?

न बोलता राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. तिनं करपलेली भाकर बाजूला काढली.

"बाबू, ते पाणी म्या गाळलं."

"कोणतं पाणी?"

"तुह्या बाटलीतलं. तिन्ही खेपेले."

"आता बोंबला!" शालिग्राम म्हणाला.

प्रसेनजित उठला, दोरीवरचं फडकं चिमटीत धरलं, हुंगलं. रॉकेलसारखा वास. मग कपाळाला हात लावून तो खाली बसला आणि ठसका लागेपर्यंत हसला. "मावशी, कंपनीच्या मशिनीले जे जमून नाही राह्यलं, ते तुह्या धोतरानं केलं!"

"हासू नको रे. माह्या हातून पाप झालं." तिचे डोळे भरून आले.

"पाप कायचं? चूक माही हाय. सील नाल्यावरच लावा लागते. तुह्या भाकरीच्या वासानं मीच बाटल्या उघड्या घेऊन येत होतो." मग त्याचा आवाज उतरला. "पण आता लेखी द्या लागन. मले नोटीस भेटन."

"तं माहंबी नाव लिव. मीच सांगीन पंचायतीत."

पंचायतीत कंपनीचे भागवतसाहेब ऐकून खुर्चीत रेलून हसले. "आजी, तुम्ही तर पुण्यच केलं! दोन रिपोर्ट चांगले आले आहेत, ते राहू द्या की."

तुळसाबाईनं पदर सारखा केला. तिचा आवाज इतका हळू की ऐकायला सगळे पुढं झुकले.

"साहेब, ते तुमचं पाणी नव्हतं. ते माहं पाणी होतं."

भागवतसाहेबांचं हसू ओसरलं. प्रसेनजितनं त्यांच्यासमोरच लिहिलं : आधीचे दोन्ही नमुने बाद, आजचाही बाद. खाली स्वतःची चूक लिहून सही केली. परवानगीचं काय ते आता नव्या नमुन्यावर ठरणार होतं.

सगळे नाल्यावर गेले. बाटली बुडाली तशी पाण्यावरची सप्तरंगी साय तोंडाशी गोळा होऊन आत शिरली. सोबत एक इवलासा किडाही गेला. तुळसाबाईचा हात आपसूक पदराकडे गेला. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि मनात त्या किड्याची माफी मागितली.

लाख वितळली, शिक्का बसला. प्रसेनजित फॉर्म वाचू लागला. "नमुना गाळलेला की न गाळलेला?" त्यानं मावशीकडे पाहिलं.

"न गाळलेला," ती म्हणाली, आणि साक्षीदाराच्या रकान्यात एकेक अक्षर जुळवत तिनं नाव लिहिलं.

परतताना तो म्हणाला, "आता त्या किड्याचं प्रायश्चित्त म्हणून किती उपास धरशीन?"

"ते माहं अन् देवाचं हाय. तू बदलीचं सांग."

त्यानं बाटल्यांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "रिपोर्ट येऊ दे. नोटीस येऊ दे. लॅबच्या सायबानं कामावर ठेवलं, तं पुढच्या महिन्यात येतोच. पण आधी सील, मंग भाकर."

"बरं," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत त्याच्या शर्टाची बाही तिनं सोडली नाही.