बेयादी

"पुन्हा वाच," मामाजी म्हणाले.

मी तिसऱ्यांदा वाचत होते. मांडीवर माझी लेक खुशी, एका हातात तिच्या वरणभाताची वाटी, दुसऱ्यात मोबाईल. माजी सैनिकांच्या ग्रुपवर सकाळीच औषधोपचार योजनेचं पत्र आलं होतं. जिवावर बेतलं असेल तर आता यादीतला दवाखाना गाठायची गरज नाही. जो सगळ्यांत जवळ असेल त्यात न्या, खर्च परत मिळेल. मागच्या दोन वर्षांत नाकारलेली प्रकरणंसुद्धा पुन्हा पाहणार होते.

"दोन वर्सं. म्हंजे कोन्त्या तारखेपासून?"

मी तारीख सांगितली. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि चष्मा काढून ठेवला. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली होती. 'हवालदार साहेबांच्या अर्जांना यश' असं कोणीतरी लिहिलं होतं. याच मागणीचे चार अर्ज मामाजींनी इतक्या वर्षांत पाठवले होते, चारही स्वतःच्या हातानं लिहून.

मामाजी, म्हणजे माझे सासरे सदाशिवराव, फौजेत बावीस वर्षं क्लार्क होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावात येऊन पुन्हा क्लार्कच झाले. पुलगावपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या या गावात सतरा माजी सैनिकांची घरं आहेत. त्या सगळ्यांचे फॉर्म आमच्या ओसरीत भरले जातात. दाराच्या मागे योजनेतल्या दवाखान्यांची यादी चिकटवलेली. यादीत नसलेल्या दवाखान्याला मामाजी 'बेयादी' म्हणायचे, आणि हळूहळू सारं गावच तसं म्हणायला लागलं. पुलगावचा तो नवा, काचेच्या दाराचा दवाखाना बेयादी. वर्ध्याचा मोठा, यादीतला. "पहिले यादी, मंग गाडी," हे त्यांचं वाक्य लहान पोरांनाही पाठ होतं. छापील फॉर्मवर खाडाखोड त्यांना खपत नसे. सगळं भरून झालं की बिलं मागे लावून स्टेपलर मारायचे, पिनेची टोकं नीट दबलीत का ते अंगठा फिरवून बघायचे, कोणाला टोचायला नको म्हणून, आणि मग म्हणायचे, "कागद पक्का."

दहाच्या सुमारास त्या सतरांपैकीच एक, मधुकरराव, आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तोंडभर हसू.

"हवालदार, पेढे कोन देते? तू का मी?"

"बस पहिले," मामाजी म्हणाले. "बिलं आनली काय?"

"हे काय, सारे आनले. तूच वापस केलते ना मले? 'बेयादीत काऊन नेली बायको, आता भोग' म्हने. आठवते काय?"

"आठवते."

"महिनाभर बोलला नाई हा माह्यासंगं, सूनबाई," मधुकरराव माझ्याकडे वळले. "म्या म्हटलं, अबे, बायको जिती हाय माही, तिचं तं काई इचार! तं हा म्हने, नियम म्हंजे नियम."

मी हसले. मामाजी बिलं तारखेनं लावत होते. मधुकररावांच्या बायकोला तेव्हा छातीत कळ आली होती. त्यांनी कोणालाही न विचारता तिला काचेच्या दारातून आत नेलं. आता ती सकाळ-संध्याकाळ शेतात जाते.

"खरं सांगू काय, हवालदार," मधुकरराव रंगात आले होते, "त्या दिवशी तुह्यं आयकलं असतं ना, तं आज तिचाबी फोटो भिंतीवर, तानबाच्या..."

ते थांबले.

मामाजींनी फॉर्म पूर्ण केला. स्टेपलर मारला, अंगठा फिरवला. "कागद पक्का," म्हणाले, पण पेढे येतील तेव्हा येतील अशा आवाजात.

मधुकरराव गेल्यावर ते दारामागच्या यादीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "मेघा, पोरीले शेजारी ठेव आन् गाडी काढ. नलूवयनीकडं जाऊ."

चौदा महिन्यांत ते त्या घरी गेले नव्हते. तिचा नवरा, तानबाकाका, गेल्यावर नलूकाकूच्या पेन्शनचे सगळे कागद त्यांनीच केले, पण दर वेळी माझ्या हाती पाठवले.

तो फोन आला तेव्हा मी तिथंच होते. डिसेंबरातली दुपार, खुशी चार महिन्यांची, पदराखाली. मामाजी जेवत होते, फोन स्पीकरवर. नलूकाकू रडत नव्हती, भराभर बोलत होती: ह्यायले घाम सुटला, डावा हात जड पडला, व्हॅन आली हाय, कुठं नेऊ? मामाजींनी घास खाली ठेवला, दाराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "वर्ध्याले न्या. पुलगावले थांबू नका, तो बेयादी हाय. लिहून घ्या वयनी, नाव सांगतो." मला वाटलं होतं, म्हणावं, मामाजी, जवळच नेऊ द्या ना. ओठांपर्यंत आलं होतं. पण खुशी नुकती डोळे मिटत होती, आणि मी म्हटलं, त्यांना माहीत असेल, ते फौजेतले. वर्ध्याच्या अर्ध्या वाटेवर, देवळीच्या अलीकडूनच व्हॅन परत फिरली.

नलूकाकू अंगणात सुपात तूर पाखडत होती. मामाजींना पाहून पदर सावरत उठली.

"भाऊजी! इकडं कसे? या ना. मेघा, खाट टाक वं."

"राहू द्या. इथंच बसतो," म्हणून मामाजी पायरीवर बसले. पिशवीतून कोरा फॉर्म काढला. "वयनी, नवीन पत्र आलं. आता जवळच्या दवाखान्यात नेलं तरी पैसे भेटतेत. जुन्या केसाबी पाहून राह्यले."

"आयकलं. मधुकररावची बायको सांगून गेली मंघाशी." ती पुन्हा सुपाशी बसली. "चांगलं झालं. पुढच्यायचं तरी भलं होईन."

"तुमचा फॉर्म भराले आलो."

ती हसली. थट्टेनं नाही. "माह्या कशाचा फॉर्म, भाऊजी? आपल्याजवळ बिल कुठं हाय? बिल व्हाले दवाखान्यात जा लागते."

मामाजींनी मान हलवली. तरी पेन उघडला. सैनिकाचं नाव, नंबर, हुद्दा न विचारता लिहिलं. तानबा, नायक, ड्रायव्हर. उपचार घेतलेला दवाखाना: निरंक. दवाखान्यात पोहोचल्याची वेळ: निरंक. एकूण खर्च: निरंक. ते टपोरं, गोल अक्षर. मी कितीदा त्याच्या खाली खुशीला अक्षरं गिरवायला लावीन असं ठरवलं होतं.

"मी चुकलो, वयनी," ते कागदावरून मान न उचलता म्हणाले.

सूप थांबलं.

"एक सांगू काय, भाऊजी? तुमाले सांगतलं नव्हतं. पुलगावले गाडी थांबली होती. त्या काचाच्या दारासमोर. ड्रायव्हर म्हने, काकू, इथंच उतरवू, काकाचा रंग बदलून राह्यला. म्या दार उघडलंबी होतं. तं ह्यायनं माहा हात धरला. बोलता येत नव्हतं धड. म्हने, हवालदारनं वर्धा सांगतलं. चल." ती तुरीतला खडा वेचायला लागली. "जिंदगीभर गाडी चालवली, पन रस्ता तुमालेच इचारे."

मामाजींचा पेन तिथंच थांबला होता. मला वाटलं, आता हे उठतील. उठले नाहीत. पुढचा रकाना होता: 'यादीतील दवाखान्यात न जाण्याचे कारण'. मग ज्या माणसानं आयुष्यात छापील अक्षरावर पेन चालवला नव्हता, त्यानं 'यादीतील' हा शब्द खोडला. वर लहान अक्षरात लिहिलं, 'जवळच्या'. आणि पुढे: 'माझा सल्ला. सदाशिव, हवालदार क्लार्क, निवृत्त.'

"त्या दिवसाचा एकबी कागद नाई काय?" त्यांनी विचारलं. सवयीनंच. "कागद जोडा लागते."

नलूकाकूनं हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "एक हाय. पन तो राहू द्या."

"आना."

"तुमच्या कामाचा नाई, भाऊजी."

"आना, वयनी. कागद म्हंजे कागद."

ती आत गेली. आली ती एक घडी घेऊन. भिंतीवरच्या कॅलेंडरचा फाडलेला तुकडा, घामानं किंवा पाण्यानं पिवळा पडलेला. "ह्यायच्या खिशात ठेवला होता म्या. गडबडीत रस्ता चुकू नये म्हनून. अंगावरचे कपडे काढले, तवा वापस आला."

तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात वर्ध्याच्या दवाखान्याचं नाव होतं, फोन नंबर होता, आणि खाली दोनदा रेघ मारलेलं: पुलगाव नाई. बेयादी.

मामाजींनी तो तुकडा गुडघ्यावर ठेवून हातानं सरळ केला. सोबत जोडलेली कागदपत्रे: एक. तो फॉर्मच्या मागे लावला, कडा जुळवल्या. पिशवीतून स्टेपलर काढला आणि दाबला.

आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. नलूकाकूचे हात तुरीत तसेच होते. पण 'कागद पक्का' ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त कागद उलटा केला आणि पिनेच्या टोकांवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा, कोणाला टोचायला नको म्हणून.