गच्चीवरच्या टाकीतले गप्पी

“बाई, उत्क्रांती जर नुसती थिअरीच असेल, तर परीक्षेत आम्ही नुसते अंदाज लिहिले तर मार्क द्याल का?”

हा प्रश्न माझा नव्हता. चिमटी आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावून तो मला विचारायला लावला होता. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा तोंड न उघडता नुसता हात वर करायचे, त्यामुळे ऐन वेळी माझी बोबडी वळणार याची दोघींना खात्री होती. वळली नाही! उलट आवाज इतका खणखणीत निघाला की शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावले.

जीवशास्त्राच्या बाई रागावल्या नाहीत, हसल्या. “देईन की. फक्त अंदाज आधी सांगायचा. तो चुकीचा असेल तर काय दिसेल, तेही आधीच सांगायचं. मग जाऊन बघायचं. चुकला तर मुकाट सोडून द्यायचा. जगभरच्या खडूस माणसांनी वर्षानुवर्षं असं आपटून-धोपटून बघितलं तरी जे फुटत नाही, त्याला विज्ञानात थिअरी म्हणतात, सिद्धांत. आहे तयारी?”

“आहे,” मी म्हटलं. कशाची, ते मलाही ठाऊक नव्हतं.

पंचाईत वेगळीच होती. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी नाव दिलं होतं. विषय होता ‘सृष्टी घडवली, की घडत गेली?’ माझी बाजू ‘घडवली’, आणि भाषण बाबांनी लिहिलेलं. बाबांचं शोभेच्या माशांचं दुकान आहे, आमच्या घराच्या खालीच. लहानपणी त्यांना कुणी कधी स्टेजवर चढू दिलं नाही, म्हणून माझं नाव लागल्यापासून त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. काचा पुसता पुसता ते माशांनाच ‘सन्माननीय परीक्षक’ म्हणायला लागले होते. भाषणाचा शेवट तर खास आमच्या लाल गप्पी माशांवर: “ज्याने हे शेपूट रंगवलं, त्याने ते पहिल्याच दिवशी पूर्ण रंगवलं!” आणि मग हात उंच. असा.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आले तर बाबा गप्पींच्या टाकीपुढे कपाळाला आठ्या घालून उभे. हे गप्पी आजोबांनी जोपासलेले. एकेकाळी म्हणे शेपट्या निखाऱ्यासारख्या दिसायच्या. आता पाहावं तर धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारख्या.

“कंपनीने खाणं बदललंय,” बाबा म्हणाले. “नाहीतर नळाच्या पाण्यात काहीतरी आहे.”

“नाहीतर तुमचा चष्मा बदलायला झालाय,” आई गल्ल्यावरून म्हणाली.

तेवढ्यात एक काका त्यांच्या छोटीला घेऊन आले. छोटीने काचेला बोट लावलं. “तो! तो सगळ्यात लाल!” बाबांनी नेमका तोच धरून पिशवीत सोडला. दुसरे दुकानदार जाळीत येईल तो मासा देतात. आमच्याकडे ज्याच्यावर बोट, तोच मासा. याच गोष्टीसाठी तर आमचं दुकान प्रसिद्ध आहे. मागून एक मावशी आल्या. “त्यातल्या त्यात लाल बघून द्या हं.”

मी जागच्या जागी उडी मारली.

“बाबा! खाणं नाही, पाणी नाही. आपणच!”

“आपण काय?”

“जरा कुठे लाल दिसला की तो पिशवीत जातो, त्याला पिल्लं व्हायच्या आधीच. मागे कोण उरतं? फिके. पुढची पिल्लं कुणाची? फिक्यांची! इतकी वर्षं आपण निवडून निवडून फिके गप्पी तयार करतोय.”

“फार शहाणी झालीस,” आई म्हणाली. “आणि हे खरं कशावरून?”

मला बाईंची अट आठवली, आणि त्याबरोबर गच्चीवरची टाकी. आजोबांनी यातलेच थोडे गप्पी तिथे सोडले होते, डास होऊ नयेत म्हणून. नळ तोच, खाण्याचा डबा तोच, वर घट्ट जाळी, म्हणजे पक्ष्यांची चोचही पोचत नाही. शेवाळाने पाणी एवढं हिरवं की आतलं काही दिसत नाही; बाबा चिमूटभर खाणं टाकतात आणि खाली येतात. आणि गिऱ्हाईक तिथे कधीच गेलेलं नाही.

“ऐका,” मी म्हटलं. “दोष खाण्यापाण्याचा असेल, तर वरचेही फिके निघाले पाहिजेत. दोष आपल्या निवडीचा असेल, तर वरचे लाल. फिके निघाले तर तुमचं भाषण शब्द न शब्द म्हणेन, हातवाऱ्यासकट.”

“आणि लाल निघाले तर?”

“तर मला जे पटलंय त्याच्या उलट मी कशी बोलू, बाबा?”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. पण मासे धरायची जाळी त्यांनीच उचलली. “चल.”

गच्चीवर आईने पांढरा टब भरला. पहिल्या फेरीत शेवाळ आणि एक गोगलगाय. दुसऱ्या फेरीत एक मळकट मासा.

“हा बघ फिका!” बाबा ओरडले.

“अहो, ती मादी आहे, रंग नरालाच असतो,” आई म्हणाली. “जन्मभर मासे विकले ना तुम्ही?”

तिसऱ्या फेरीला जाळी उलटी झाली आणि टबात ठिणग्या सांडल्या. लाल, लालभडक! माझा आनंद पोटात मावेना. बाबा गुडघ्यावर बसले.

“अगं, हे तर थेट आजोबांचे गप्पी!” ते हसत सुटले. इतके, की आईने त्यांच्या पाठीवर थोपटलं. मग एकदम बोट वर. “पण गप्पी शेवटी गप्पीच राहिला ना? कोंबडी तर नाही झाला!”

“नाही झाला. एका टबावर सगळा सिद्धांत उभा नाहीच. पण असंच आधी सांगून लोकांनी खडकांत बघितलंय, हाडांत बघितलंय, रक्तात बघितलंय. कुठेही फसू शकला असता, फसला नाही.”

“आणि देव?” हे त्यांनी हळूच विचारलं.

“त्याच्याबद्दल टबात काहीच दिसलं नाही. आहे असंही नाही, नाही असंही नाही. तो तुमचा तुमच्यापाशी.”

बाबांनी जाळी टाकीच्या कडेला ठेवली. मग म्हणाले, “म्हणजे माझं भाषण गेलं.”

मी ओले हात फ्रॉकला पुसले आणि दोघांसमोर ताठ उभी राहिले.

“आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या बाईंना सांगून मी बाजू बदलतेय. मी ‘घडत गेली’च्या बाजूने बोलणार. आणि बाबा, स्पर्धेपर्यंत रोज संध्याकाळी तुम्ही तुमचं भाषण घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं आणि मला पाडायचं. लेक म्हणून अजिबात सोडायचं नाही.”