उन्हाची पाठ

मथुरा सव्वीस वर्षांची झाली त्या वैशाखात ऊन तिच्या घरी राहायला आलं.

पहिल्या दिवशी ते ओटीवर आलं आणि चार वाजता परत गेलं. दुसऱ्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, दिवेलागण झाली, तरी ते गेलं नाही. ओटीच्या फरशीवर पसरून राहिलं. मथुराच्या आईने त्याला ओलांडून तुळशीपाशी दिवा लावला. वात पेटली की नाही हे बोट जवळ नेऊन बघावं लागलं.

मथुरा जन्मली तीच बिनरंगाची, कातडी आणि केस दुधासारखे पांढरे. चाळीस घरांचं त्यांचं गाव खाडीकाठी होतं आणि सगळं गाव मिठागरावर जगत होतं. बाकीच्यांना जे ऊन मीठ द्यायचं, ते मथुराला फोड द्यायचं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मलमाची ट्यूब दिली होती. दर दोन तासांनी लाव, म्हणाल्या होत्या. पण नुसत्या मलमावर विसंबू नकोस, लांब बाह्यांचा जाड सुती सदरा घाल, रुंद काठाची टोपी घाल, काळा चष्मा लाव, आणि दहा ते चार घराबाहेर पडू नकोस. मथुराने यातलं एकही कधी मोडलं नाही. त्यामुळे गावाला ती माहीत होती ती फक्त संध्याकाळची. लग्नकार्यातही तिला सगळं उरकल्यावर बोलवायचे. दुपारचं मिठागर कसं दिसतं हे तिने आईला पुष्कळदा विचारलं होतं. आई म्हणायची, पांढरं दिसतं, आणखी काय दिसणार.

तिसऱ्या दिवशी ऊन माजघरात आलं. आईला त्याचा त्रास नव्हता. ती त्यातून ये-जा करायची, तांदळाची भाकरी तिच्या हातातच भाजून निघायची, आणि चूल पेटवायचा खटाटोप वाचला म्हणून ती थोडी खूशही होती. मथुरा मात्र एकेक खोली मागे सरकत गेली. तिने जाड पडदे लावले. उन्हाने ते दोन दिवसांत विटवले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यातून आरपार आलं. तिने गोधडी भिजवून दारावर टांगली, ती वाळून कडक झाली आणि पाटीसारखी खाली पडली.

दहाव्या दिवशी ऊन स्वयंपाकघरात होतं आणि मथुरा भाताच्या कोठीच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती. एक दार आत उघडायचं आणि एक मागे परसात. मागचं दार तिच्या जन्मापासून बंदच होतं, कारण परसात ऊन असायचं. तिने शेवटची ट्यूब आतल्या दाराच्या फटीला लिंपली. ऊन बाहेरून ती सावकाश चाटत होतं. मथुराला ते ऐकू येत होतं.

"आई, ते कुणासाठी आलंय?" तिने दाराआडून विचारलं.

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. "माझ्याकडे तर बघतसुद्धा नाही."

दाराखालून पिवळी कड आत आली. मथुराने पाय वर घेतले. ती कोठीवर चढून बसली, मग कोठीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली, मग भिंतीला पाठ टेकली. आणखी मागे जायला जागा नव्हती. तिला भीती वाटत होती, पण तिच्या लक्षात आलं की भीतीपेक्षा कंटाळा जास्त आहे. सव्वीस वर्षं ती मागेच सरकत आली होती.

तेव्हा तिच्या पाठीला गार लागलं. मागच्या दाराच्या फटीतून वारा येत होता. त्या फटीतून आजवर दुपारी उजेडाची सुई यायची, तिच्यापासूनही ती अंग चोरायची. आज सुई नव्हती. तिने डोळा लावून पाहिलं. परसात निळसर अंधूक उजेड होता.

मथुराच्या ध्यानात आलं. ऊन सगळंच्या सगळं घरात होतं. बाहेर उरलंच नव्हतं.

तिने अडसर काढला, दार उघडलं, बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं. बाराचा सुमार होता. आभाळात सूर्याच्या जागी स्वच्छ रिकामी जागा होती. तिने चष्मा काढला. तिचे डोळे पहिल्यांदाच दुपारी पूर्ण उघडले, आणि तिला लांबचं दिसलं. बांधावर उभा असलेला बगळा दिसला, त्याच्या पायांचा रंगही दिसला. तिने टोपी काढली. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत सारल्या. वारा तिच्या दंडांवरून गेला. ती रडली नाही. बराच वेळ हात पुढे धरून उभी राहिली.

मग ती मिठागरावर गेली. तिथे मात्र माणसं कांबळी पांघरून बसली होती. तिचे काका, हसुराम, सगळ्या आगराची देखरेख करायचे. त्यांनी तिला वाफ्याकडे नेलं. वाफ्यात नुसतं खारं पाणी होतं. दहा दिवसांत मिठाचा एक खडाही धरला नव्हता. पावसाला महिना राहिला होता आणि तेवढ्यात मीठ निघालं नाही तर चाळीस घरांना गाव सोडावं लागणार होतं. हसुरामकाका हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. पण ऊन ज्या दाराआड आहे ते दार तुमच्या घराचं आहे, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

"उघडलं की ते पुन्हा माझ्या मागे लागेल, काका."

"ते खरं."

मथुरा बांधावर बसून विचार करत राहिली. ऊन तिला शोधत आत आत गेलं होतं. म्हणजे त्याचं तोंड कोठीच्या खोलीकडे होतं. म्हणजे पुढच्या दाराकडे त्याची पाठ असणार.

उन्हाला पाठ असते हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना ते समोरूनच भेटलं होतं.

ती पुढच्या दाराने गेली. ओटीवर अंधार होता, आणि तो गार होता, माठाच्या पोटासारखा. तिने वाकून हात लावला. धुतलेल्या लुगड्यासारखा पोत हाताला लागला. हीच ती पाठ. तिने उन्हाची कड चिमटीत धरली आणि आईला हाक मारली.

"दुसरं टोक धर. उलटं होऊ देऊ नकोस."

आईने दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून आजवर शेकडो लुगड्यांच्या घड्या केल्या होत्या. त्यांनी ऊन माजघरातून ओढलं, स्वयंपाकघरातून ओढलं. कोठीच्या खोलीत ते अडलं, वळायला धडपडलं. मथुराने पाय उंबऱ्याला रोवले आणि ओढलं. तोंड आत, पाठ बाहेर, अशी एकेक घडी पडत गेली. शेवटची घडी पडली तेव्हा ते दोघींच्या हातात मावेल एवढं झालं होतं. जड होतं आणि आतून धडधडत होतं.

मिठागरावर माणसं उठून उभी राहिली. मथुराने पहिल्या वाफ्यावर ऊन पालथं घातलं आणि उलगडत निघाली. बांधामागून बांध ती चालत गेली, आई घड्या सोडत मागून आली. उन्हाचं तोंड खाली पाण्यात होतं. थोड्याच वेळात खालून तडतड ऐकू यायला लागली. हसुरामकाकांनी एक कोपरा उचलून फावडं आत घातलं. ते बाहेर आलं तेव्हा मिठाने भरलेलं होतं. त्यांनी एक खडा जिभेवर ठेवला.

"मीठ आहे," ते म्हणाले, आणि डोक्यावरचं कांबळं काढून खाली ठेवलं.

मथुरा अनवाणी उन्हाच्या पाठीवर चढली. दुपारचे दोन वाजले होते. उघड्या डोक्याने, उघड्या दंडांनी ती मधोमध चालत गेली, आणि खालून ऊन तिच्या पावलांना ढुशा देत राहिलं. कडेला उभी असलेली माणसं तिला पहिल्यांदाच दुपारी पाहत होती. कुणीतरी तिला नावाने हाक मारली. मग पुष्कळांनी मारली.

खाडीच्या टोकाशी ती थांबली. पलीकडून होड्या येत होत्या. एक, मग पाच, मग मोजता येणार नाहीत एवढ्या. प्रत्येक होडीत काळ्या छत्र्या उघडलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली तिच्यासारखीच बिनरंगाची माणसं दाटीवाटीने बसली होती. सगळ्यात पुढच्या होडीतली म्हातारी उभी राहिली, तिने आभाळातल्या सूर्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि छत्री मिटली.