धागा न तुटणारा माग

संग्रहालयाच्या वस्त्रदालनात एकोणीस वर्षं हातमाग चालवून दाखवणाऱ्या विणकराला सगळे मागमामा म्हणत. मामी गेल्यापासून घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या, म्हणून दिवसभराचं बोलणं ते इथेच उरकून घेत. "ताणा-बाणा, म्हणजे उभा-आडवा धागा, म्हणजे नवरा-बायको," आडव्या धाग्याचा धोटा फेकता फेकता ते सांगत. "एकाने ताणून धरायचं, दुसऱ्याने त्यातून वाट काढायची!" लोक हसत, आणि मामांचा दिवस निघून जाई.

गेल्या वर्षी तंत्रज्ञ आले. मामांच्या हातांत ठिपक्यांचे मोजे चढवून त्यांनी तीन दिवस हातांच्या हालचालींचं चित्रण केलं. मामांची छाती फुगली. परदेशातल्या मुलीला त्यांनी आवर्जून फोन केला. मग दालनात डोळ्यांवर चढवायचे चार अवजड चष्मे आले, खऱ्या मागाभोवती दोर लागला आणि मामांच्या हाती चष्मे पुसायचं फडकं आलं.

आता लोक चष्मा लावून त्यात दिसणाऱ्या मागावर विणायला हवेत हात हलवत. दालन भरलेलं असे, पण मामांकडे बघणारा डोळा एकही नसे.

एका दुपारी एका बाईंनी चष्मा काढला. चेहरा नुसता फुललेला. "काका, वीतभर कापड विणलं मी! ते हात कुणाचे हो? काय शिकवतात!"

"माझेच."

बाई खळखळून हसल्या. "काका, तुम्ही पण ना!" आणि पुढच्या दालनात गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत मामांनी पहिल्यांदाच चष्मा चढवला. हात त्यांचेच होते. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा, तुपात घोळवल्यासारखा. नवरा-बायकोचा विनोद गायब. धागा कधी तुटतोय याची ते वाट बघत राहिले. तो तुटलाच नाही.

ते तडक संग्रहालयाच्या प्रमुखबाईंच्या खोलीत गेले. "बाई, त्यात धागा तुटतच नाही."

"मुद्दामच तसं केलंय, मामा. तुटला की लोक कंटाळतात, अर्ध्यावर उठतात."

"अहो, पण तुटलेलं सांधणं हेच तर निम्मं विणकाम!"

बाईंनी टेबलावरचं वेळापत्रक पुढे ओढलं. "दर बुधवारी दुपारी तीन ते चार या वेळात मागाभोवतीचा दोर काढा आणि विणून दाखवा. पण कुणी थांबलं नाही तर मनाला लावून घेऊ नका."

पहिले दोन बुधवार कुणीच थांबलं नाही. मामा रिकाम्या बाकासमोर विणत राहिले. एकदा विनोद सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तिसऱ्या बुधवारी एक गृहस्थ बाकावर टेकले. चष्म्याने त्यांना गरगरलं होतं. बायको-मुलं अजून त्यातच रमली होती. थोड्याच वेळात धागा तुटला. मामांनी त्यांना मागावर बसवलं. "घाई नको. दोन्ही टोकं चिमटीत धरा."

सहा वेळा गाठ सुटली. सातव्यांदा बसली. "बसली!" गृहस्थ ओरडले. मामा पुढचं सांगणार, तेवढ्यात बायकोची हाक आली, "अहो, चला, अजून तीन दालनं राहिलीत!"

"येतो हं," म्हणत ते लगबगीने गेले.

मामा मागावर बसले. गाठ चांगली जाडजूड होती, कापडात डोळ्यांना खुपेल अशी. एरवी त्यांनी ती कापून नवी बांधली असती. त्यांनी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला, पायाखालची पावडी दाबली आणि धोटा फेकला.