राजाचा एकुलता

सूसा नगरीच्या राणीवशात पर्मीस दाईइतकी निर्धास्त बाई दुसरी नव्हती, आणि त्याचं कारण एकच होतं: तिने सांभाळलेला बग्दात राजाला एकुलता एक होता. राणी बाळंतपणातच गेली, पोर हिच्या अंगावर वाढलं. आणि राजघराण्यात मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बापानं त्याचं तोंड बघायचं नाही, मध्येच दगावला तर बापाला चटका नको, अशी चाल असल्यामुळे त्याच्यावर हक्क सांगायला दुसरं कुणी आलंच नाही. भाऊ नाही तर सुरी नाही, असं ती बायकांना हळूच म्हणायची. राजाला स्वतःला भाऊ होते. तो तख्तावर बसला, आणि पुढचा हिवाळा सरेपर्यंत त्यांची नावं घ्यायचीही कुणाची छाती राहिली नव्हती.

त्या वसंतात राजा मिसर देशाच्या स्वारीवर निघायचा होता. निघण्यापूर्वी वारस नेमावाच लागतो, म्हणून बग्दातला पाच पूर्ण होताच दरबारात न्यायचं ठरलं. शिवणघरातून त्याच्यासाठी सुरवार आणि अंगरखा आला. गाठोडं सोडलं, तर आत दोन जोड.

एक मळला तर एक असावा, म्हणून दिला असेल, असं म्हणत तिने दुसरा पेटीत टाकला. पण दुपारी मुदपाकखान्यातली मिशबारा आली ती दह्याचे दोन वाडगे घेऊन.

"अगं, मला कशाला खायला घालतेस?" पर्मीस हसली. "आधीच दारात मावत नाही मी."

"तुला कोण घालतंय, म्हशी! पोरांचं आहे ते."

"पोरांचं?"

"मग दोघांनी काय एका वाडग्यात भांडायचं? आणि ह्या दुसऱ्याला नीट भरव. घास गिळत नाही म्हणून परवा तूच रडत होतीस ना माझ्यापाशी?"

परवा आपण मिशबाराला भेटलोच नव्हतो, हे पर्मीसला पक्कं ठाऊक होतं. निदान मिशबारा जाईपर्यंत तरी ठाऊक होतं.

मग पागेतला म्हातारा ओतार दोन शिंगरं घेऊन अंगणात उभा राहिला, तेव्हा मात्र ती भडकलीच. "ही काय थट्टा लावलीय सगळ्यांनी? दुसरं कुणासाठी?"

ओतारने बग्दातच्या मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, पोराच्या देखत असं बोलू नये. आधीच बिचारं मागे मागे राहतं."

तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. राजाच्या भावांपैकी कुणाचं पोर आणून घुसवलंय की काय, म्हणून तिने पडद्यांमागे पाहिलं, धान्याच्या कणग्या उघडल्या, हौदावर जाऊन पाण्यात डोकावली. कुठे कुणी नव्हतं. पण दरबारात दोघं उभे राहिले तर एकाचं नाव पुकारलं जाईल, आणि उरलेल्याचं काय होतं हे या वाड्यात कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

शेवटी तिने बग्दातला मांडीवर घेऊन विचारलं, "तुझ्याबरोबर कोण असतं रे?"

"तो," बग्दात म्हणाला. "तो म्हणतो, दाईनं मला कधी उचललंच नाही."

दरबारात तिने त्याचा हात असा धरला होता की पोर कळवळलं. राजा खूप वेळ पाहत राहिला, आधी बग्दातकडे, मग त्याच्या डाव्या बाजूला. त्याचे डोळे भरून आले. "दोघंही आईवर गेलेत," तो म्हणाला. मग उठून चार पावलं खाली आला, बग्दातला ओलांडून शेजारच्या रिकाम्या जागेत, पोराच्या डोक्याइतक्या उंचीवर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, "हा."

कर्णे वाजले. सारा दरबार त्या रिकाम्या जागेपुढे वाकला. पर्मीस बग्दातला छातीशी धरून पहारेकऱ्यांची वाट बघत राहिली. पहारेकरी आले, आणि तिच्या अंगावरून पुढे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मिशबाराने एकच वाडगा आणला आणि तो पलीकडे खिडकीपाशी नेऊन ठेवला.

"आणि ह्याला?" पर्मीसने मांडीकडे बोट दाखवलं.

मिशबाराने मांडीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "पर्मीस, झोप होते ना गं तुझी?"

पर्मीसला आधी रडू आलं, आणि मग एकदम हायसं वाटलं. जो दिसतच नाही त्याच्यावर सुरी कोण चालवणार? मज्दा देवाची कृपाच ही. ती त्याला आपल्या ताटातलं भरवायची, आपल्या पांघरुणात निजवायची, उन्हाला नेताना बोट सोडायची नाही. पोर हल्ली फार बोलत नसे, जेवतही कमी, पण होतं.

अशीच एका सकाळी ती त्याला घेऊन पागेवरून चालली होती. ओतार खरारा करता करता थांबला.

"बाई, हाताला लागलं काय? असा बाजूला धरून का चालता?"

पर्मीसने मूठ आवळली. खाली बघायचा तिला धीर झाला नाही.