तिप्पण्णाचा बाण

"अक्का, पडद्याच्या कोपऱ्यात 'नवीन ड्रायव्हर आलाय' म्हून कितीबी नाचू द्या, त्येला व्हय म्हणू नका. तुमचं कार्ड म्हातारं हाय. म्हाताऱ्याला नवा धनी झेपत न्हाई."

मी हसले होते. तिप्पण्णाची अर्धीअधिक वाक्यं अशीच असायची, म्हणून हेही त्यातलंच एक धरलं. मग एका सकाळी चैत्राला मांडीवर घेऊन भरवत असताना ती चौकट आली, पडदा अडवून बसली, आणि तिला घालवण्यासाठी मी डाव्या हातानं 'होय' दाबून टाकलं.

थोड्याच वेळात नवरीच्या तोंडावर हिरवे चट्टे उठले.

मी घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. चिंताकीचे रामकिशनभाऊ कॅमेऱ्यानं शूटिंग करतात आणि मी इथे बिदरला त्याची कापाकापी करून, गाणी लावून फिल्म बनवते. बी.एस्सी. झाले तेव्हा हे करीन असं वाटलं नव्हतं, पण आमचे हे नोकरीसाठी कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, शनिवारी येतात. मूल सांभाळून करण्याजोगं हेच काम होतं.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' निवडलं की चित्रांचं जड ओझं ग्राफिक्स कार्ड उचलतं. त्या दिवशी ते शब्दच फिकट होऊन बसले. दाबले तरी दबेनात. कार्डानं अंग काढून घेतलं आणि सगळं काम एकट्या प्रोसेसरवर येऊन पडलं. वरातीचा घोडा एक पाऊल टाकायचा आणि दुसरं टाकायला विसरायचा.

मी तिप्पण्णाला फोन लावला.

"दाबलं व्हय तुम्ही?"

"दाबलं."

"मला ठाव होतं. औरादपासून कमठाण्यापातुर समद्या मिक्सिंगवाल्यांनी दाबलंय. मी काय गाढवांचा डॉक्टर झालोय." मग जरा थांबून, "तुम्हाला न्हाई म्हणलो, अक्का."

"म्हणालात की."

"बरं, म्हणलो."

तिप्पण्णाला आम्हा मिक्सिंगवाल्यांपैकी कोणीच भेटलेलं नव्हतं. तो दुबलगुंडीचा, एवढंच ठाऊक. दूरवरून मशीन चालवायचं एक ॲप त्यानं आम्हा सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर घालून ठेवलं होतं. फोन केला की पडद्यावरचा आपला बाण आपल्या हातून सुटायचा आणि आपोआप चालू लागायचा. तोच तिप्पण्णा. बाण घाईत कधी नसायचा. नको त्या खिडक्या एकेक करून मिटत जायचा, जसं कोणी पाहुण्यांच्या चपला नीट लावत आत यावं.

त्या दिवशी त्यानं नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला हाकणारा प्रोग्रॅम, मुळासकट काढला, जुना शोधून बसवायला घेतला. पण आवाज पातळ येत होता. दोन शब्दांच्या मध्ये श्वास.

"आवाज असा का येतोय?"

"उशी निसटलीय. बोला तुम्ही."

"अव्वा नाहीत का घरात?"

त्याच्या आईचा, चन्नव्वांचा आवाज मागे नेहमी असायचा. कानडीत त्याला रागवायच्या, भांडी आपटायच्या. बऱ्याच दिवसांत मला तो ऐकू आला नव्हता.

"माझ्या बहिणीकडं गेली, गुलबर्ग्याला. येती की दोन-चार रोजानं."

"मग जेवणाचं काय?"

"शेजारीण आणून देतीय. अक्का, कामून एवढं विचारायलात? कार्ड बिघडलंय का मी?"

 मशीन बंद होऊन परत सुरू झालं. फोन त्यानं ठेवला होता, पण बाण आला. त्यानं माझा प्रोजेक्ट उघडला, सेटिंगमध्ये गेला. फिकट झालेले ते शब्द आता ठळक काळे दिसत होते. त्यानं 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' निवडलं आणि बाण 'ओके'वर नेला.

दाबलं नाही. पडद्यावर लिहायची एक कोरी पाटी उघडली, त्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: अक्का एक मिनिट. बाण परत 'ओके'वर आला आणि थांबला.

मी चैत्राचे कपडे घड्या करून ठेवले. बाण तिथेच. दूध तापवलं. बाण तिथेच. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर सुरू होता, जोडलेला होता. मी फोन लावायची, तो वाजत राहायचा, वाजून बंद व्हायचा. चैत्रा उठली, रांगत येऊन माऊसला हात घालू लागली. मी तिचा हात असा ओढला की ती दचकून रडली. बाण माझ्या हातून हलला तर तो हलवतोय की मी, हे कळणार नव्हतं.

"काय झालं गं?" सासूबाई आतून आल्या.

"तिप्पण्णा हलत नाहीये."

"नेट गेलं असेल त्याचं. तुला बाई वाईटच सुचतं सगळं."

ते खरंच आहे. चैत्रा जरा जास्त झोपली तर तिच्या नाकाशी बोट धरणारी मी. माझ्या काळजीकडे घरात आता कोणी मान वर करूनही पाहत नाही. पण मी एक पाहिलेलं होतं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी कॉम्प्युटरमागच्या वायरी काढून पुसल्या आणि पडद्याची वायर कार्डात लावायची ती भलत्याच भोकात लावली. तिप्पण्णाला बाणानं ते दिसेना, म्हणून मी व्हिडिओ कॉल करून पाठची बाजू दाखवली. चुकून त्याचाही कॅमेरा सुरू झाला. क्षणभरच. पत्र्याखाली पलंग, पलंगावर पाठीवर झोपलेला माणूस, चादरीखाली पायांच्या जागी काही हालचाल नाही, पोटावर पाट आणि पाटावर माऊस. कॅमेरा बंद झाला आणि तो म्हणाला, "राजावानी काम करायलोय की न्हाई, अक्का?"

मी रामकिशनभाऊंना फोन केला.

"वहिनी, तो दुसऱ्या कुणाच्या मशीनवर गेला असंल. भालकीवाल्याचंबी कार्ड बसलंय. तुमी फिल्मचं बघा, नवरीकडचे माझा जीव खायलेत."

भालकीवाला म्हणाला, "माझ्याकडं येणार हुता, आला न्हाई. मला वाटलं तुमच्याकडंच अडकलाय." बसवकल्याणचा म्हणाला, तो भालकीला असेल. ज्याला त्याला तो दुसऱ्याकडे आहे असं वाटत होतं.

"तुम्ही कधी भेटलात त्याला?"

"कामून भेटायचं? काम तर व्हायलंय."

दुपार कलल्यावर हिरवा ठिपका गेला. त्याच्याकडची लाईट गेली असेल, नेटचा पॅक संपला असेल. पडद्यावर ओळ आली, समोरची बाजू जोडलेली नाही. बाण होता तिथेच होता, पण आता तो नुसता माझा होता. पुन्हा फोन लावला तर तो बंद.

दुसऱ्या सकाळी मी रामकिशनभाऊंना म्हटलं, गाडी काढा नाहीतर फिल्म विसरा. त्यांनी शिव्या घालत गाडी काढली. सासूबाई दारात उभ्या होत्या, चैत्रा त्यांच्या कडेवर. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी स्टीलचा डबा पुढे केला.

"जातेच आहेस तर रिकाम्या हातानं जाऊ नकोस. वरण-भात मऊ कालवून दिलाय. पडल्यापडल्या खाता येईल."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. दिवाळीत त्या व्हिडिओ कॉलच्या वेळी त्या माझ्या मागेच उभ्या असणार; फोन बंद केल्यावर मी रडले होते, तेही त्यांनी पाहिलं असणार.

दुबलगुंडीत तिप्पण्णा बरेच निघाले. एक किराणावाला, एक गवंडी, एक जो मागच्याच वर्षी वारला. कॉम्प्युटरचा तिप्पण्णा कोणालाच माहीत नव्हता. शेवटी बस थांब्याजवळ कांदे विकणाऱ्या नागूबाई म्हणाल्या, "केबलवाला व्हय? खांबावरनं पडला त्यो?"

"असेल. पलंगावर असतो."

"त्योच. त्येनी केव्हाच गेले की इथनं. मालकानं खोली पाडली. हातगाड्यावर निजवून नेला त्येला. छातीवर कंप्युटर घट धरून बसला हुता, जसं का लेकरूच."

"कुठं नेलं?"

"हुमनाबादच्या पल्याड कुटंतर. म्हातारीनं सांगितलं न्हाई. लाजत हुती बाई लई."

"मग त्या गुलबर्ग्याला गेल्यात ना, मुलीकडे? त्या मुलीचं नाव, पत्ता?"

नागूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कंची पोरगी? चन्नव्वाला त्यो एकलाच हाय."

बहीणच नव्हती, मग जेवण आणून देणारी शेजारीण तरी होती का? रामकिशनभाऊंनी तोंड फिरवलं. त्या दिवशी पुढे त्यांनी एकदाही फिल्मचं नाव काढलं नाही. हुमनाबादच्या पुढे कितीतरी वेळ आम्ही रस्त्याकडेच्या वस्त्यांमधून विचारत फिरलो. नंतर पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी कागद पुढे घेतला आणि शांतपणे विचारलं, "अवरु निमगे येनागबेकु?" तो तुमचा कोण लागतो?

 तो आमच्या सगळ्यांच्या घरात येत होता, एवढंच मला म्हणता आलं असतं. त्यांनी तरी नंबर लिहून घेतला. दोन दिवसांनी स्वतः फोन करून म्हणाले, त्याच्या फोनला मिळालेला शेवटचा टॉवर हुमनाबाद आणि कमलापूरच्या मधला आहे. कितीतरी गावं आहेत त्याखाली, तांडे आहेत, शेतातल्या खोल्या आहेत, काही बिदर जिल्ह्यात, काही कलबुर्गीत. शोधतोय.

डबा तसाच घरी आला होता. सासूबाईंनी त्यातला वरण-भात गायीला घातला.

आठवडा सरत आला तेव्हा रामकिशनभाऊ म्हणाले, "वहिनी, मी काय करू? पोरीचं सासर बंगळूरचं, ते निघालेत." मी कॉम्प्युटर जागा केला. तोवर मी तो 'स्लीप'वर झोपवून ठेवायची, बंद करायची नाही. ती चौकट तशीच, बाण 'ओके'वर तसाच. करायचं ते सगळं त्यानं करून ठेवलं होतं, एक दाबायचं राहिलं होतं. ते मी दाबलं.

कार्डाचा पंखा घरघरला. हिरवे चट्टे गेले. नवरीचा चेहरा स्वच्छ झाला, वरातीचा घोडा नीट पावलं टाकत मंडपापर्यंत गेला. फिल्म अशी गुळगुळीत निघाली की नवरीकडच्यांनी पेढे पाठवले. भालकीवाल्यानं उदगीरचा कोणी नवा माणूस गाठला आहे. तो दूरवरूनच करतो म्हणे, हुशार आहे. त्याचा नंबर मलाही आलाय.

हे छापून येईपर्यंत फार उशीर झालेला असेल, असं आमचे हे म्हणतात. असेलही. तरी हुमनाबादपासून कमलापूरपर्यंतच्या पट्ट्यात तुम्ही राहत असाल, किंवा तिकडे तुमचं कोणी असेल, तर एवढं करा. जिथली म्हातारी हल्ली नळावर दिसत नाही, जिथे पत्र्याची एक खोली आहे आणि आत कोण राहतं ते कोणालाच नीट सांगता येत नाही, तिथे जा. तिप्पण्णा म्हणून हाक मारा. शेजारी म्हणतील, त्याचं कोणीतरी बघत असेल. ते ऐकून परत फिरू नका. दार आतून लावलेलं नसणार. त्याला उठून कडी घालता येत नाही. ढकला.