पेन्सिलीने उमटलेला नंबर

ऐन गरजेच्या वेळी घरातली एखादी वस्तू बंद पडली की शेजारीपाजारी एकदम तज्ज्ञ होतात, हा अनुभव तुम्हालाही असेलच. नोएडातल्या मारुतराव जगदाळ्यांच्या घरी बंद पडला तो मिक्सर नव्हता, इस्त्रीही नव्हती. बंद पडली होती चक्क पिकअप गाडी. तीसुद्धा यमुनेच्या पुलावर, मागे दोन नवेकोरे फ्रिज लादलेले असताना!

साल सत्त्याण्णव. नोएडात जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक नव्या फ्लॅटला फ्रिज हवा, वॉशिंग मशीन हवं, रंगीत टीव्ही तर हवाच. फौजेतून निवृत्त झाल्यावर मारुतरावांनी ही जुनी पिकअप घेतली आणि एका शोरूमचा माल घरोघर पोहोचवायचं काम धरलं. फौजेत बावीस वर्षं त्यांनी गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. बॉनेट उघडून त्यांनी पाच मिनिटांत निदान केलं. पाणी संपलं, इंजिन तापलं, ब्लॉकला तडा गेला. म्हणजे आता इंजिनच बदलायचं. आणि शोरूमच्या मॅनेजरने बजावलं होतं, सोमवारी सकाळी गाडी दारात नसेल तर काम दुसऱ्याकडे जाईल. तेही दसरा-दिवाळीच्या तोंडावर!

गाडी ओढून दारात आणली, तेव्हा वरच्या मजल्यावरचे भालचंद्र काका जिन्यातूनच म्हणाले, डिझेल इंजिन बसवा, खर्च वाचेल. समोरच्या आंटींचं मत, गाडीच बेच दो. मारुतराव सगळ्यांना मान डोलावत होते. प्रश्न विचारत होती ती फक्त त्यांची मुलगी स्वप्नाली. स्वप्नाली नववीत होती. पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या प्रार्थनेला ती साऱ्या शाळेसमोर न अडखळता बोलली होती, आणि तेव्हापासून तिला वाटत होतं की प्रश्न नीट विचारला की जगातलं काहीही उलगडतं. डिझेल का नको? कारण ते जड, पुढचे स्प्रिंगचे पाटे वाकतील. दुसऱ्या कुठल्या गाडीचं पेट्रोल इंजिन का नको? कारण ते आपल्या गिअरबॉक्सला जुळायला हवं, बोल्टची भोकं समोरासमोर यायला हवीत. स्वप्नाली हे सगळं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवत होती.

शनिवारी मारुतराव दिल्लीच्या जुन्या सामानाच्या बाजाराला निघाले तेव्हा तीही चपला घालून तयार.

"तू काय करणार तिथे? नट मोजणार?" मारुतराव हसले.

"मोजीन की! आणि तुमचे फॉर्म कोण भरतं, पप्पा?"

हे मात्र खरं होतं. आरटीओच्या फॉर्मवर नंबरचा छाप लावायचा असतो. इंजिनावर ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे कागदावर उमटतात. लहानपणी नाण्याचा छाप काढतात ना, अगदी तसं. जगदाळ्यांच्या घरी हे काम स्वप्नालीचं.

बाजार म्हणजे एक अजब शाळाच होती. दरवाज्यांची रांग, हेडलाइटचे ढीग, छतापर्यंत रचलेले रेडिएटर! त्यांच्या गाडीला जुळणारी दोन इंजिनं एका दुकानात मिळाली. पहिलं एका सरकारी खात्याच्या लिलावात निघालेल्या गाडीचं. काळंकुट्ट, तेल गळणारं, पण लिलावाची पावती सोबत. दुसरं कमी वापरलेलं, स्वच्छ, आणि पहिल्याच्या जवळपास निम्म्या किमतीत.

दुकानदाराने दोन्ही चालू करून दाखवली. मारुतरावांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग त्यांनी तो स्वप्नालीच्या हातात दिला. काय ऐकू आलं तिला! पहिल्या इंजिनात कुणीतरी डब्यात खडे हलवत होतं. दुसऱ्यात सगळं एका तालात, परेडसारखं.

"हेच घ्यायचं," मारुतराव म्हणाले. कागदांचं विचारलं तर दुकानदार उत्तरला, "बिल बन जाएगा, फौजी साब, टेन्शन मत लो."

मारुतरावांना यात वावगं वाटलं नाही. फौजेत इंजिन डेपोतून यायचं, सोबत कागद यायचे, आणि ते कुठून आलं हे विचारायची वेळ बावीस वर्षांत कधी आली नव्हती. कान खूश झाला की त्यांच्या लेखी इंजिन पास!

ते भाव ठरवत होते तोवर स्वप्नालीने छाप काढून घेतला. आणि तिचा हात थांबला. आकडे एका ओळीत नव्हते, एक वर, एक खाली. मधून सगळ्या रेघा एकाच दिशेने गेल्या होत्या, कानस मारल्यासारख्या. आणि तीनच्या आकड्याखाली अगदी पुसट, पण नक्की, एक आठ होता. म्हणजे जुना नंबर घासून त्यावर नवा ठोकलेला!

तिने कागद पुढे केला. मारुतरावांनी तो उजेडात धरून पाहिला, आणि संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून तिला घेऊन निघाले. बसमध्ये ते एवढंच म्हणाले, की आपण थोडीच चोरलंय, ते तर उघड्या दुकानात ठेवलेलं होतं.

घरी भालचंद्र काका चहाला आलेच होते. त्यांनी तर निकालच लावला. दिल्लीत सगळे असंच घेतात यार, नंबर बघत बसलात तर धंदा कसा करणार? मारुतराव फोन करायला उठले, तेव्हा स्वयंपाकघरातून कांता, त्यांची पत्नी, बाहेर आली.

"अहो, फोनच्या आधी खाली जाऊन गाडीची स्टेपनी बघून या."

"स्टेपनीचं काय आता मध्येच?"

"बघून तर या."

मारुतराव गेले. स्वप्नाली मागोमाग धावली. गेल्या वर्षी खंडेनवमीनंतर गाडीची स्टेपनी चोरीला गेली होती आणि मारुतरावांनी आठवडाभर चोराच्या सात पिढ्या काढल्या होत्या. मग त्याच बाजारातून एक जुनी स्टेपनी स्वस्तात मिळाली, तेव्हा किती मिरवले होते! ती आता गाडीखालून काढली, चिखल पुसला. रिमच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने काढलेलं बोटभर स्वस्तिक होतं. एक पाय किंचित लांब.

दर खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की कांता स्टेपनीवर असंच स्वस्तिक काढायची. हळदकुंकू धुऊन जातं म्हणून ऑइलपेंटने. आणि एक पाय तिच्याकडून नेहमी लांब व्हायचा.

मारुतराव वर आले ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"धुताना दिसलं. तुम्ही इतके खूश होता, माझी जीभ उचलली नाही. तेव्हा बोलले नाही, ही माझीही चूकच." कांता शांतपणे म्हणाली. "आपलीच वस्तू आपण दुसऱ्यांदा विकत घेतली हो. चोराला आपण शिव्या दिल्या, आणि त्याचा पगारही आपणच दिला. आपल्यासारखं गिऱ्हाईक नसतं, तर ते चाक त्याने कुठे नेलं असतं?"

भालचंद्र काकांनी कपात पाहिलं. कपात चहा उरला नव्हता.

"पण सोमवार? ते काळं इंजिन तर आधी सगळं खोलावं लागेल," मारुतराव म्हणाले.

"ज्याचं ते इंजिन आहे, त्याचाही एक सोमवार असेल, पप्पा," स्वप्नाली म्हणाली.

मारुतरावांनी तिच्या हातातला छाप घेतला, त्याची नीट घडी घातली आणि तो खिशात ठेवला. मग फोन केला. ते काळं, गळणारं, पावतीचं इंजिन त्यांनी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जाऊन त्यांनी छाप दिला. शिपायाने नोंद करून घेतली. पुढे काय झालं, ते जगदाळ्यांना कधी कळलं नाही.

सोमवार हुकला. मॅनेजरने खरंच काम दुसऱ्या गाडीला दिलं, आणि ते काम परत मिळालं नाही. पण काळं इंजिन खोललं, पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या. व्हॉल्व्ह घासायचं काम स्वप्नालीने केलं, वाटीत वाळू फिरवल्याचा आवाज यायचा! नवव्या दिवशी गाडी चालू झाली. मारुतराव नव्या सेक्टरांतून एकेका दुकानात विचारत फिरले. दसऱ्याआधी एका सोफेवाल्याचं काम मिळालं, थोडं कमी, पण मिळालं.

खंडेनवमीला कांताने या वेळी बॉनेटखाली, इंजिनावर स्वस्तिक काढलं. एक पाय लांबच झाला. शेजारी स्वप्नालीने फॉर्मसाठी छाप घेतला. सगळे आकडे शाळेच्या रांगेसारखे सरळ उभे.

तेव्हा वाचकहो, स्वस्त वस्तू समोर आली की तिचा आवाज ऐका, चकाकी बघा, पण एक प्रश्न जरूर विचारा: ही आली कुठून? हा प्रश्न आपण गिऱ्हाइकांनी विचारायला लागलो, तर चोरीचा माल विकणाऱ्याला दुकान उघडायचं कारणच उरणार नाही. प्रश्नाला लागतं तरी काय! एक कागद आणि एक पेन्सिल.